एका घरासाठी सगळी पोळ बंद!

लिहिणाऱ्याला गप्प करायचे तर त्याच्यावर खटला भरावा लागतो, पुरावा द्यावा लागतो, न्यायाधीशासमोर उभे राहावे लागते. हे सगळे वेळखाऊ आणि कटकटीचे काम. त्यापेक्षा ज्याच्या छापखान्यात मजकूर छापला जातो त्याला बोलावून दम दिला की भागते. छापखानेवाल्याला लेखाशी काही देणेघेणे नसते, त्याला आपला धंदा सांभाळायचा असतो. तो निमूटपणे जुळवलेले खिळे मोकळे करतो. राज्यकर्त्यांची ही युक्ती फार जुनी आहे आणि आज इंटरनेटच्या बाबतीत आपल्या देशात तीच चालू आहे. फरक इतकाच, की छापखानेवाल्याच्या जागी आता इंटरनेटची जोडणी देणाऱ्या आणि वेबसाइटला जागा देणाऱ्या कंपन्या आल्या आहेत.

हा विषय संगणकवाल्यांचा, तरुण पोरांचा, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून कृपया पान उलटू नका. आपल्या मुली-सुना लग्नाची स्थळे इंटरनेटवर बघतात, आपले ज्येष्ठ नागरिक जुनी मराठी पुस्तके तिथे वाचतात, पुण्या-मुंबईचे आणि परदेशातले नातेवाईक मंडळाच्या गणेशोत्सवाचे फोटो तिथेच बघतात. परप्रांतात चार-पाच पिढ्या राहिलेल्या समाजाला आपली भाषा आणि आपले म्हणणे टिकवायला दुसरी स्वस्त जागा उरलेली नाही. ती जागा कोणाच्या मर्जीवर चालते, हे आपण विचारायलाच हवे.

छापखान्याचा जुना धडा

१८७८ साली लॉर्ड लिटनने देशी भाषांतील वर्तमानपत्रांसाठी खास कायदा केला. मुद्रक आणि प्रकाशकाकडून करारनामा लिहून घ्यायचा, अनामत रक्कम मागायची, मजकूर खटकला तर रक्कम आणि यंत्र जप्त करायचे. मॅजिस्ट्रेटचा शब्द अखेरचा, त्यावर कोर्टात अपील नाही. इंग्रजी पत्रांना हा कायदा लागू नव्हता. लॉर्ड रिपनच्या काळात तो रद्द झाला, पण १९१० च्या प्रेस ॲक्टने पुन्हा छापखान्याच्या मालकाकडूनच तारण मागायला सुरुवात केली. लेखकाला हात न लावता छापखानेवाल्याला घाबरवायचे, म्हणजे तो आपणहून लेखकाचा पहारेकरी होतो, हे इंग्रजांना पक्के ठाऊक होते.

आपल्या लोकांनाही ते ठाऊक होते. १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' निघाले ते आर्यभूषण या स्वतःच्या छापखान्यातून. दुसऱ्याच्या यंत्रावर आपले विचार छापायचे म्हणजे दुसऱ्याच्या भीतीवर आपले स्वातंत्र्य टांगायचे, हे चिपळूणकर-टिळक-आगरकरांना समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि आपले बडोदे? महाराज सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची चळवळ उभी केली. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी ही त्याच चळवळीची खूण. वाचनालयात काय ठेवायचे याचा निर्णय पुस्तके वाहून आणणाऱ्या गाडीवानाने करायचा, असे कोणी महाराजांना सुचवले असते तर त्यांनी त्याला काय उत्तर दिले असते? आज मात्र नेमका गाडीवानच ठरवतो आहे.

सुक्याबरोबर ओले

इंटरनेट आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. जोडणी देणारी कंपनी एकच, सरकारची विदेश संचार निगम. १९९९ साली कारगिलच्या वेळी या कंपनीने पाकिस्तानातील 'डॉन' या वर्तमानपत्राची वेबसाइट बंद केली. युद्धाचे दिवस होते, म्हणून कोणी फारसे विचारले नाही. पण तेव्हा न विचारलेला प्रश्न पुढे वाढतच गेला.

सप्टेंबर २००३ मध्ये सरकारने 'किन्हून' नावाचा याहूवरचा एक गट बंद करण्याचा हुकूम जोडणी देणाऱ्या कंपन्यांना दिला. हा गट मेघालयातील एका फुटीर संघटनेशी संबंधित असल्याचे सांगण्यात आले. सदस्य मूठभर. कंपन्यांना तेवढा एकच गट बंद करता येईना. मग त्यांनी काय केले? याहूचे सगळेच गट बंद! देशभरातले वैद्यकीय सल्ल्याचे, विद्यार्थ्यांचे, नोकरीचे गट एका दमात अडकले. तेव्हा परदेशातील आणि परप्रांतातील कितीतरी मराठी माणसे अशा गटांवर एकमेकांशी बोलत असत. त्यांचा मेघालयाशी संबंध काय?

याहून वाईट प्रकार जुलै २००६ मधला. ११ जुलैला मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले. त्यानंतर दोनच दिवसांत सुमारे दीड डझन पाने बंद करण्याचा आदेश निघाला आणि अनेक कंपन्यांनी संपूर्ण ब्लॉगस्पॉट बंद करून टाकले. त्याच ब्लॉगस्पॉटवर मुंबईकर स्वयंसेवकांनी स्फोटग्रस्तांच्या नातेवाइकांना मदत व्हावी म्हणून पान चालवले होते. बाँब ठेवणाऱ्याचे काही बिघडले नाही, रुग्णालयाची माहिती शोधणाऱ्याची वाट मात्र अडली.

हे असे का होते, ते थोडक्यात सांगतो. एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइट नांदतात, अपार्टमेंटमध्ये बिऱ्हाडे नांदतात तशा. सर्व्हरचा पत्ता अडवला की सगळी बिऱ्हाडे अडकतात. शिवाय हल्ली बहुतेक मजकूर सांकेतिक स्वरूपात जातो. आपण कोणत्या साइटवर गेलो एवढे जोडणी देणाऱ्या कंपनीला कळते, कोणते पान उघडले ते कळत नाही. म्हणजे एक पान नको असेल तर तिला सगळी साइटच बंद करावी लागते. आपल्या पोळच्या भाषेत सांगायचे तर तिसऱ्या घरात चोर आहे म्हणून पोळचा दरवाजाच बंद करायचा आणि पन्नास घरांना आत कोंडायचे.

ऑगस्ट २०१७ चे उदाहरण तर थेट आपल्या उंबऱ्यावरचे आहे. चित्रपटांची चोरी थांबवावी म्हणून निर्माते मद्रास उच्च न्यायालयात गेले. त्यांनी दिलेल्या यादीत अडीच हजारांहून अधिक साइट होत्या आणि त्यांत इंटरनेट आर्काइव्ह हे जगातले मोठे मोफत ग्रंथालयही होते! आपल्या गायकवाड ओरिएंटल सिरीजचे ग्रंथ, शंभर वर्षांपूर्वीची मराठी पुस्तके, दुर्मिळ मासिके आज जिथे घरबसल्या वाचता येतात ते हेच ठिकाण. हिंदी सिनेमाच्या चोरीसाठी सेंट्रल लायब्ररीला टाळे लावण्यासारखा हा प्रकार. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय?

जागा देणाराही कचरतो

जोडणी देणाऱ्यांची ही गत, तर वेबसाइटला नाव आणि जागा देणाऱ्यांची त्याहून वेगळी नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईत अण्णा हजारे यांच्या उपोषणाच्या वेळी असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराची चित्रे लावली होती. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेकडून पत्र गेले आणि डोमेन नोंदणाऱ्या बिगरॉक या कंपनीने त्यांची सगळी वेबसाइट बंद केली. कोर्टाचा हुकूम नाही, लिहिणाऱ्याला आधी नोटीस नाही, सुनावणी नाही. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. संस्कार मराठे यांनी केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०१५ रोजी निकाल दिला आणि केवळ सरकारवर टीका केली म्हणून राजद्रोह होत नाही, हे पोलिसांना समजावून सांगितले. ती चित्रे चांगली होती की वाईट, हा मुद्दाच नाही. मुद्दा हा, की अटकेचे प्रकरण कोर्टापुढे गेले, त्यावर वाद झाला, निकाल लागला. वेबसाइट मात्र एका पत्रावर गेली.

पालघरची घटना वाचकांना आठवत असेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिणाऱ्या एका मुलीला आणि ते आवडल्याचे बटण दाबणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. बाळासाहेबांबद्दल आपल्यापैकी अनेकांच्या मनात आदर आहे, माझ्याही आहे. पण ज्यांनी उभे आयुष्य व्यंगचित्राच्या कुंचल्याने सत्ताधाऱ्यांना फटकारले, त्यांच्या नावाने दोन मुलींना पोलीस चौकीत बसवणे हा त्यांचा सन्मान नव्हता. ते ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले.

त्याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती. ७९ व्या कलमाखाली जागा देणाऱ्या कंपनीने मजकूर कधी काढायचा? कोर्टाचा हुकूम किंवा सरकारची अधिकृत सूचना आली तरच. कोणीही सोम्यागोम्या तक्रार करील आणि कंपनीने न्यायाधीश होऊन निवाडा करावा, हे चालणार नाही, असा त्याचा अर्थ. पण सरकारी कारभारात दार बंद केले की खिडकी उघडते. २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'सहयोग' नावाचे पोर्टल सुरू केले. त्यावरून निरनिराळ्या खात्यांचे आणि राज्यांच्या पोलिसांचे अधिकारी थेट कंपन्यांना मजकूर काढण्याच्या सूचना देऊ लागले. एक्स या कंपनीने त्याला आव्हान दिले, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळले. नोव्हेंबर २०२५ पासून अशी सूचना सहसचिव किंवा पोलीस उपमहानिरीक्षक अशा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच, कारणे देऊन काढावी, असा नियम आला. सुधारणा चांगली आहे. पण हुकूम काढणारा अधिकारी सरकारचा आणि तो तपासणारा अधिकारीही सरकारचाच, ही मूळ गोम तशीच राहिली. ६९अ कलमाखालच्या २००९ च्या नियमांत तर तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवण्याचे कलम आहे. ज्याचे पान बंद झाले त्यालाच कारण कळत नाही, मग तो दाद कशाच्या आधारावर मागणार?

बँकेला जमते ते यांना का नाही?

मी बँकेत काउंटरवर बसणारा माणूस आहे. आमच्याकडेही कोर्टाचे आणि आयकर खात्याचे जप्तीचे हुकूम येतात. त्यांत खातेदाराचे नाव असते, रक्कम असते, सहीशिक्का असतो. आम्ही तेवढेच खाते आणि तेवढीच रक्कम अडवतो. त्या खातेदाराच्या शेजाऱ्याचे पैसे अडवले तर दुसऱ्या दिवशी आमच्यावर खटला होईल. साधा चेक परत करायचा तर रिटर्न मेमोवर कारण लिहावे लागते: शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, पेमेंट थांबवले. कारण न लिहिता चेक फेकून दिला तर ग्राहक आमची गचांडी धरील आणि ते योग्यच होईल. लॉकरमध्ये ग्राहक काय ठेवतो हे आम्ही उघडून बघत नाही. कोर्टाचा हुकूम आला तर त्याच एका लॉकरला सील लागते, स्ट्राँगरूमला नाही.

दोन हजार रुपयांच्या चेकला जी शिस्त आहे, ती माणसाच्या शब्दाला नको? पैसा जपायला कायदा आणि विचार जपायला कंपनीची मर्जी, हा कोणता न्याय?

हे जमणार नाही असे कोणी म्हणू नये. जमते. २०१६ साली 'ढिशूम' चित्रपटाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयात निर्मात्यांनी अशीच लांबलचक यादी आणली होती. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सबंध साइट बंद करण्यास नकार दिला, एकेक दुवा तपासून आणायला सांगितले आणि जे पान बंद होईल तिथे ते कोणत्या कारणाने बंद झाले आणि दाद कुठे मागायची हे छापायला लावले. म्हणजे आमच्या रिटर्न मेमोसारखाच तो मेमो! ऑगस्ट २०२१ मध्ये निखिल वागळे आणि 'लीफलेट' यांच्या याचिकांवर याच न्यायालयाने इंटरनेटवरील प्रकाशकांना आचारसंहितेत जखडणाऱ्या नियमांना स्थगिती दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारविषयीच्या मजकुराची खरेखोटी सरकारनेच ठरवण्याची तरतूद त्याच न्यायालयात रद्द झाली. लढले की काही तरी पदरात पडते.

बडोद्याला काय शिकवले?

आता आपल्या गावाकडे येऊ. सप्टेंबर २०१४ मध्ये, ऐन नवरात्राच्या दिवसांत, फेसबुकवरील एका चित्रावरून शहरात दंगल उसळली आणि मोबाइलवरचे इंटरनेट आणि घाऊक एसएमएस काही दिवस बंद करण्यात आले. ऑगस्ट २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी तर राज्यभर तोच प्रकार झाला. गौरव सुरेशभाई व्यास विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात आपल्या उच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०१५ रोजी १४४ कलमाखालची ही बंदी ग्राह्य धरली. ब्रॉडबँड आणि वायफाय चालू होतेच, असे कारण त्यात होते. म्हणजे ज्याच्या बंगल्यात वायर आली आहे त्याचे काही अडले नाही, ज्याच्या खिशात फक्त मोबाइल आहे त्याचे तोंड बंद!

दंगलीत इंटरनेट बंद केले तर बिघडले काय, जीव वाचतात ना, असे आपल्यातले बरेच जण म्हणतात. ज्यांनी दांडिया बाजार, फतेपुरा, मांडवीचे कर्फ्यू पाहिले आहेत त्यांची ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. जीव महत्त्वाचा. पण कर्फ्यूसुद्धा ठरावीक भागात, ठरावीक वेळेसाठी, जाहीर करून लागतो आणि दुधासाठी सूट मिळते. अफवा तर फोन नव्हते तेव्हाही पसरत. आणि अफवा खोटी आहे हे लोकांना सांगायचे साधनच बंद केल्यावर पोलिसांनी खुलासा करायचा तरी कुठे? शिवाय एकदा हे हत्यार हाती आले की ते म्यानात राहत नाही. २८ फेब्रुवारी २०१६ रोजी गुजरातमध्ये मोबाइल इंटरनेट कशासाठी बंद झाले होते? दंगल नव्हती, मोर्चा नव्हता. तलाठ्यांच्या भरतीची परीक्षा होती! कॉपी होऊ नये म्हणून सगळ्या राज्याचे इंटरनेट चार तास बंद. परीक्षाकेंद्रावर नीट झडती घेण्यापेक्षा सहा कोटी लोकांना अडवणे सोपे वाटले.

सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सांगितले, की इंटरनेटबंदी बेमुदत असू शकत नाही, ती गरजेपुरतीच हवी आणि तिचा आदेश जाहीर केला पाहिजे. निकाल स्पष्ट आहे. तो पाळला जातो की नाही हे बघण्याचे काम नागरिकांचे, म्हणजे तुमचे-माझे.

आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: कंपनी खासगी आहे, तिच्या अटी पटत नसतील तर दुसरीकडे जा. पण या कंपन्या सरकारी परवान्यावर चालतात, लोकांच्या रस्त्याखालून वायरी नेतात, लोकांच्या मालकीच्या रेडिओलहरी वापरतात. घरगुती जोडणीच्या करारात कित्येक कंपन्या बारीक अक्षरात लिहितात, की ग्राहकाने घरून सर्व्हर चालवू नये. पैसे आपण भरायचे, पण त्या वायरीतून फक्त ऐकायचे, बोलायचे नाही! रेल्वेने तिकीट द्यावे आणि सामान उतरवायला मनाई करावी, असेच हे झाले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी 'ट्राय'ने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला मनाई केली. त्यासाठी लाखो सामान्य लोकांनी पत्रे पाठवली होती. खासगी कंपनीलाही जनतेने वळण लावता येते, याचा तो पुरावा आहे.

आपण काय करायचे?

नुसती हळहळ करून उपयोग नाही. माझ्या मते आपल्या मंडळाने पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून आपल्या खासदार-आमदारांना चार मागण्या लेखी कळवाव्यात. पहिली, मजकूर बंद करण्याचा प्रत्येक हुकूम लेखी, सकारण आणि नेमक्या पानापुरता असावा. दुसरी, मजकूर टाकणाऱ्याला नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी मिळावी. तातडी असेल तर बंदीनंतर लगेच. तिसरी, बंद पानावर कारण आणि दाद मागण्याचे ठिकाण छापावे. चौथी, हुकूम सरकारी अधिकाऱ्यापुरता न राहता ठरावीक मुदतीत न्यायाधीशाने तपासावा.

घरातली व्यवस्थाही करायला हवी. संस्थेच्या वेबसाइटचे नाव एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या नावावर नको, संस्थेच्या नावावर हवे. जुने अंक, छायाचित्रे, सभासदांच्या घराण्यांच्या नोंदी यांच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी आणि एक प्रत कपाटातल्या हार्ड डिस्कवर हवी. फुकट मिळालेल्या जागेवर सगळा संसार थाटू नये. याहूने २००९ साली जिओसिटीज आणि २०२० साली ते गटही कायमचे बंद केले, तेव्हा ज्यांनी प्रती ठेवल्या नव्हत्या त्यांचे वर्षानुवर्षांचे लिखाण गेले. आणि एखाद्या कंपनीने मजकूर काढला तर गप्प न बसता लेखी कारण मागावे, हुकूम सरकारी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. कदाचित नकार येईल. नकारही लेखीच घ्यावा, तो पुढे कामी येतो.

आज बंद होणारे पान आपल्याला न आवडणाऱ्या माणसाचे असेल, म्हणून आपण गप्प बसतो. उद्या सत्ता बदलेल, अधिकारी बदलेल, हुकमाचा नमुना मात्र तोच राहील. फक्त नावाची जागा रिकामी असते. ती कोणाच्या नावाने भरली जाईल हे आज कोणीच सांगू शकत नाही, म्हणून तो नमुना आजच बदलून घेतला पाहिजे.